चिलिकेच्या काठाने

मुंबईहून भुवनेश्वरला जाणारी कोणार्क एक्सप्रेस पुणे, सोलापूर, सिकंदराबाद, विजयवाडा, विशाखापट्टण अशी मजल दरमजल करीत ओडिशा राज्यात शिरते. ब्रह्मपूर मागे टाकल्यावर थोड्याच वेळात उजव्या हाताला पाणी दिसू लागते. प्रथमच त्या वाटेने जाणाऱ्या प्रवाशाला वाटते, हा समुद्रच. पण समुद्राची गाज ऐकू येत नाही, की किनाऱ्यावर लाटा फुटताना दिसत नाहीत. पाणी संथ असते. त्यातून मधूनमधून हिरव्या टेकड्यांची बेटे वर आलेली असतात, आणि उथळ पाण्यात बांबूच्या काठ्या रोवून त्यांना बांधलेल्या जाळ्यांच्या रांगा दूरवर गेलेल्या दिसतात. रंभा गेले, बालुगाव आले, तरी ते पाणी काही सरत नाही. हेच चिल्का सरोवर होय. आपल्या भूगोलाच्या पुस्तकात त्याचे नाव चिल्का असे छापतात; तेथील लोक मात्र त्याला प्रेमाने ‘चिलिका’ म्हणतात. आपणही त्यांचेच नाव घेऊ.

चिलिका हे नेहमीच्या अर्थाने सरोवर नाही. समुद्राचा एखादा भाग वाळूच्या लांबट पट्टीने अडवला जाऊन आत जो उथळ जलाशय तयार होतो, त्याला खारकच्छ म्हणतात. या जलाशयाचा समुद्राशी संबंध अगदी तुटत नाही. पट्टीला कोठे तरी तोंड असते व त्यातून भरतीचे खारे पाणी आत येते. दुसऱ्या बाजूने नद्या गोडे पाणी आणून ओततात. केरळातील वेंबनाड, आंध्र व तमिळनाडू यांच्या सीमेवरील पुलिकत ही अशीच खारकच्छे आहेत. परंतु आपल्या देशात चिलिकेएवढे मोठे दुसरे नाही. त्याची लांबी सुमारे ६४ किलोमीटर आहे. उन्हाळ्यात त्याचा विस्तार ९०० चौरस किलोमीटरांच्या आसपास असतो आणि पावसाळ्यात तो वाढून ११६५ चौरस किलोमीटरांपर्यंत जातो, म्हणजे बृहन्मुंबईच्या जवळजवळ दुप्पट! इतके असूनही ते खोल मुळीच नाही. पुष्कळ ठिकाणी पाणी एका पुरुषाचे डोकेही बुडणार नाही इतकेच असते.

हे पाणी येथे आले कोठून, याविषयी तेथील लोक एक जुनी कथा सांगतात. रक्तबाहू नावाचा एक चाचा मोठे आरमार घेऊन पुरी लुटायला आला. त्याने आपली जहाजे दूर समुद्रात लपवून ठेवली होती. पण जहाजांवरून टाकलेला केरकचरा लाटांबरोबर वाहत किनाऱ्याला लागला आणि नगरवासी सावध झाले. ते सारी चीजवस्तू घेऊन निघून गेले. रिकामे नगर पाहून रक्तबाहू समुद्रावरच संतापला व सैन्य घेऊन त्याच्यावर चालून गेला. समुद्राने आधी माघार घेतली. मग उसळून साऱ्या सैन्याला गिळले. त्या वेळी जे पाणी जमिनीवर पसरले ते चिलिका! शास्त्रज्ञांचे म्हणणे अर्थातच निराळे आहे. काही हजार वर्षांपूर्वी येथे बंगालच्या उपसागराचाच एक फाटा होता. किनाऱ्याला समांतर वाहणारे प्रवाह वाळू लोटत आणीत. ती साचून साचून पट्टी तयार झाली व आतले पाणी कोंडले गेले. दोन्ही गोष्टी ऐकताना एक मौज ध्यानात येते. लोककथेतील समुद्र जसा मागे जाऊन पुन्हा पुढे येतो, तसाच शास्त्रज्ञांचा समुद्रही युगानुयुगे मागेपुढे होत असतो.

चिलिकेला गोडे पाणी देणाऱ्या प्रवाहांत महानदीच्या दया, भार्गवी, लूणा अशा शाखा आहेत. यांतील दया नदीचे नाव इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी अवश्य लक्षात ठेवावे. भुवनेश्वराजवळ या नदीच्या काठी धौली नावाची टेकडी आहे. कलिंगाचे घनघोर युद्ध इ. स. पूर्व २६१ च्या सुमारास याच परिसरात झाले, असे मानतात. त्या टेकडीच्या पायथ्याच्या खडकावर सम्राट अशोकाने आपले लेख कोरविले. पहिल्याच लेखात तो सांगतो की, पूर्वी राजाच्या मुदपाकखान्यासाठी रोज असंख्य प्राणी मारले जात. आता केवळ दोन मोर आणि एक हरिण मारण्यात येते, तेही हरिण नेहमीच नव्हे, आणि पुढे हे तीन प्राणीही मारले जाणार नाहीत. प्राण्यांना अभय देणारा हा लेख ज्या नदीकाठी आहे, तीच नदी पुढे लाखो पाखरांच्या हिवाळी मुक्कामाला पाणी पुरविते. मराठी वाचकाला आणखी एक आठवण येथे यावी. १७५१ पासून १८०३ पर्यंत ओडिशावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. तो संपविण्यासाठी निघालेली इंग्रजांची फौज गंजामहून चिलिका व समुद्र यांमधल्या वाळूच्या पट्टीवरूनच पुरीकडे गेली.

एकाच जलाशयात तीन तऱ्हेचे पाणी असावे, हे चिलिकेचे खरे वैशिष्ट्य. उत्तरेकडे नद्यांच्या मुखाशी ते बरेचसे गोडे, मध्यभागी मचूळ आणि समुद्राच्या तोंडाजवळ चांगले खारट. शिवाय ऋतूप्रमाणे हे प्रमाण बदलते. पावसाळ्यात पुरामुळे गोडे पाणी वाढते व उन्हाळ्यात खाऱ्याचा जोर होतो. त्यामुळे गोड्या पाण्यातील वनस्पती व मासे, मचूळ पाण्यातील कोळंबी आणि खेकडे, समुद्रातून आत येणारे बोय व जिताडा, या सर्वांना येथे जागा मिळते. कोळंबीचे जीवन तर पाहण्यासारखे आहे. ती अंडी घालते समुद्रात. तिची अगदी बारीक पिले भरतीबरोबर खारकच्छात येतात, तेथल्या उथळ उबदार पाण्यात पोसली जातात आणि मोठी झाली की पुन्हा समुद्राकडे परततात. म्हणजे समुद्राकडचे दार बंद झाले, तर कोळंबीचा वंश आत येणार कसा? हा प्रश्न नुसता पुस्तकी नव्हता. चिलिकेच्या भोवती सुमारे दीडशे गावांत दोन लाखांच्या आसपास माणसे मासेमारीवर जगतात. त्यांच्यावर एकदा असा प्रसंग खरोखरीच ओढवला.

डोंगरमाथ्यावरची झाडे तुटली की माती सुटते. ती नद्यांच्या पाण्याबरोबर वाहत येऊन चिलिकेत साचू लागली. दुसरीकडे समुद्राचे प्रवाह वाळू लोटतच होते. समुद्राकडे जाणारा मार्ग लांबत, अरुंद होत चालला आणि तोंड जवळजवळ बुजले. खारे पाणी आत येईनासे झाल्यावर पाण्याचा खारटपणा कमी झाला. मग गोड्या पाण्यातील तण फोफावले. मैलोगणती पाण्यावर हिरवे रान माजले; नावा अडू लागल्या, जाळी टाकण्यास जागा उरेना. १९९९-२००० या वर्षात साऱ्या चिलिकेतून मिळून १७४५ टनच मासळी हाती आली. ज्या घरांत पिढ्यानपिढ्या जाळे विणले जाई, त्या घरांतील तरुण मजुरीसाठी दूरच्या शहरांची वाट धरू लागले.

पाणथळ जागांच्या रक्षणासाठी निरनिराळ्या राष्ट्रांनी १९७१ साली इराणमधील रामसर या गावी एक करार केला. त्या करारान्वये जगातील महत्त्वाच्या पाणथळांची यादी ठेवली जाते. भारतातील पहिली दोन नावे १९८१ साली त्या यादीत गेली. एक राजस्थानातील भरतपूरचे केवलादेव आणि दुसरे चिलिका. (आपल्या राज्यातील नांदूर मधमेश्वर हे नाव २०१९ साली, लोणार २०२० साली आणि ठाण्याची खाडी २०२२ साली त्यात आली.) मान मिळाला खरा, परंतु बारा वर्षांनी, १९९३ मध्ये, चिलिकेचे नाव धोक्यात आलेल्या पाणथळांच्या निराळ्या नोंदवहीत घालावे लागले. पहिल्या यादीत नाव असणे भूषणाचे. या दुसरीत असणे म्हणजे वैद्याने रोग्याचे लक्षण चांगले नाही असे सांगण्यासारखे.

उपाय एकच दिसत होता, तो म्हणजे समुद्राकडे नवे तोंड पाडणे. पण वाळूची पट्टी वाटेल तेथे फोडून चालत नाही. चुकीच्या जागी फोडली तर वाळू पुन्हा भरते, किंवा समुद्र नको तितका आत घुसून काठची गावे आणि शेते नासवितो. यासाठी पाण्याच्या व वाळूच्या हालचालींचा बारकाईने अभ्यास करावा लागला. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट ही की, या अभ्यासात पुण्याजवळ खडकवासला येथे असलेल्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राचा आणि गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचा वाटा होता. अखेर २३ सप्टेंबर २००० रोजी सातपाडा गावाच्या बाजूला वाळूच्या पट्टीतून नवा मार्ग खोदून उघडण्यात आला. समुद्रापर्यंतचे अंतर त्यामुळे १८ किलोमीटरांनी कमी झाले.

परिणाम इतक्या लवकर दिसेल अशी कोणाला कल्पना नसावी. भरतीचे पाणी आत येऊ लागले, खारटपणा वाढला, तण मागे हटू लागले, आणि त्या पाण्याबरोबर मासळीची व कोळंबीची पिले आली. २००१-०२ मध्ये मासळीचे उत्पन्न ११,९८९ टनांवर गेले. २००२ साली चिलिकेचे नाव त्या धोक्याच्या नोंदवहीतून काढून टाकण्यात आले. आशिया खंडात असे प्रथमच घडले. चिलिकेची देखभाल करणाऱ्या प्राधिकरणाला त्याच वर्षी रामसर कराराचा पुरस्कारही मिळाला. मात्र नवे तोंड उघडले म्हणजे कामच उरले नाही, असे समजू नये. वाळू कोणाचे ऐकत नाही. ती रोज सरकत असते, म्हणून त्या तोंडावर सतत नजर ठेवावी लागते. २०१९ च्या मे महिन्यात ‘फनी’ चक्रीवादळ आले, तेव्हा पट्टी आणखी काही ठिकाणी आपोआप फुटली.

निसर्गाच्या या फेऱ्यांपेक्षाही चिवट असा एक तंटा माणसांनी निर्माण केलेला आहे. परदेशात कोळंबीला भाव आला, तेव्हा काही धनिकांनी चिलिकेतील उथळ पाणी बांध घालून आणि जाळ्या लावून अडविले व आत कोळंबी वाढविण्यास सुरुवात केली. या कुंपणांना तेथे ‘घेरी’ म्हणतात. घेरीमुळे पाण्याचे वाहणे अडते, गाळ साचतो, आणि ज्या पाण्यात लहानसहान कोळी कुटुंबे मुक्तपणे जाळे टाकीत, ते एकाएकी दुसऱ्याच्या मालकीचे होते. कोळ्यांनी याविरुद्ध मोठा लढा दिला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने चिलिकेपासून एक हजार मीटरांच्या आत असलेले कोळंबीचे असे उद्योग हटविण्याचा आदेश दिला. तरीही घेऱ्या उखडल्या जातात आणि काही काळाने पुन्हा उभ्या राहतात. नव्या तोंडाने मासळी आणली. ती कोणाच्या टोपलीत जावी, हा वाद मात्र अजून मिटलेला नाही.

आता पाखरांकडे वळू. चिलिकेच्या मध्यभागी नळवन नावाचे एक बेट आहे. नळ म्हणजे बोरू, देवनळ अशा जातीचे गवत. त्याचे वन म्हणून नळवन. हे बेट मोठे विलक्षण. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाऊन दिसेनासे होते व पाणी ओसरले की हिवाळ्याच्या आरंभी पुन्हा वर येते, जणू पाहुण्यांसाठी घर सारवून ठेवावे तसे ओलसर आणि चिखलाचे! त्या चिखलात किडे, गोगलगायी व कोवळे कोंब यांची रेलचेल असते. पंधरा चौरस किलोमीटरांहून थोडा अधिक विस्तार असलेला हा भाग १९८७ साली पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला.

येथे येणारे पाहुणे काही जवळपासचे नसतात. मध्य आशिया, मंगोलिया, सायबेरिया अशा दूरदूरच्या प्रदेशांतील पाणी थंडीने गोठू लागले, म्हणजे हे पक्षी दक्षिणेकडे निघतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हंस तर हिमालयाची शिखरे ओलांडून येतो. लांब टोकदार शेपटीचे तलवार बदक, फावड्यासारख्या चोचीचे थापट्या बदक, केशरी अंगाचा चक्रवाक, चिखलात लांब चोच खुपसून किडे शोधणारा पाणटिवळा, गुलाबी पंखांचा रोहित, अशी किती नावे घ्यावीत! दर जानेवारीत त्यांची गणना होते. वनरक्षक, अभ्यासक आणि पक्षिमित्र पहाटेच नावांतून निघतात, प्रत्येकाला ठरलेला भाग वाटून दिलेला असतो. २०२० नंतरच्या गणनांत ही संख्या दहा लाखांच्या वर भरली आहे, आणि त्यांतील तीन लाखांहून अधिक पक्षी एकट्या नळवनात होते. हजारो बदके एका वेळी पाण्यावरून उठतात, तेव्हा होणारा पंखांचा आवाज दूरवर ऐकू जातो. परंतु तो आवाज ऐकण्यासाठी त्यांना मुद्दाम उठविणारा प्रवासी शहाणा म्हणता येणार नाही. हजारो कोसांचे उड्डाण करून आलेल्या पक्ष्याला परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवावयाची असते. प्रत्येक वेळी भिऊन उडण्यात तीच खर्ची पडते. म्हणूनच थव्याजवळ नाव नेण्यास तेथे मनाई आहे.

पाखरे जवळून पाहावयाची असतील तर चिलिकेच्या उत्तर काठावरील मंगलाजोडी या गावी जावे. तेथील पाणी गोडे आहे, आणि बोरूच्या बेटांमधून अरुंद पाणवाटा गेलेल्या आहेत. एके काळी हे गाव पारध्यांचे म्हणून प्रसिद्ध होते. रात्री नावा काढाव्या, विष घालून किंवा बंदुकीने बदके मारावी आणि बाजारात विकावी, हा तेथील कित्येक घरांचा हिवाळी धंदा होता. २००० सालाच्या सुमारास काही पक्षिमित्रांनी गावकऱ्यांत राहून, त्यांच्याशी पुन्हा पुन्हा बोलून, त्यांचे मन वळविले. पारध्यांनीच पक्ष्यांच्या रक्षणासाठी समिती स्थापन केली. नुसत्या उपदेशाने पोट भरत नाही, हे सर्वांनाच ठाऊक होते. म्हणून पाहुण्यांना नावेतून पक्षी दाखविण्याचा व्यवसाय उभा करण्यात आला. शिकारीसाठी जे ज्ञान मिळविले होते, तेच आता उपयोगी पडते. कोणता पक्षी कोणत्या वेळी कोठे चरतो, कोणत्या आवाजाने तो बिचकतो, हे त्या नावाड्यांइतके कोणत्याही ग्रंथात सापडणार नाही. त्यांच्या नावेला यंत्र नसते. लांब बांबू चिखलात टेकून ते नाव ढकलतात. बोरूच्या आडून जांभळी पाणकोंबडी ऐटीत पावले टाकीत जाते, लांब लाल पायांचे शेकाटे नावेपासून दहा पावलांवर निश्चिंत उभे राहतात, आणि नावाडी हळूच बोट दाखवून नाव सांगतो. पाखरांनी भय सोडले आहे, हे त्या गावाचे खरे प्रमाणपत्र.

चिलिकेच्या दुसऱ्या टोकाला, सातपाड्याजवळ, आणखी एक प्राणी पाहण्यासाठी लोक गर्दी करतात. तो म्हणजे इरावती डॉल्फिन. ब्रह्मदेशातील, म्हणजे आजच्या म्यानमारमधील, इरावती नदीवरून त्याचे हे नाव पडले. परंतु शास्त्रज्ञांनी १८६६ साली त्याचे प्रथम वर्णन केले ते विशाखापट्टणला सापडलेल्या डॉल्फिनवरून. चित्रांतल्या डॉल्फिनला असते तशी लांब चोच याला नसते. डोके वाटोळे, रंग राखी, पाठीवर लहानसे पर. तो मासा नव्हे. आपल्यासारखाच फुप्फुसांनी श्वास घेणारा आणि पिलांना दूध पाजणारा प्राणी आहे. श्वासासाठी त्याला वर यावे लागते, तेवढाच क्षणभर तो दिसतो. चिलिकेत हे डॉल्फिन दीडशेच्या आसपास आहेत, आणि जगात फार थोड्या ठिकाणी त्यांचा एवढा मोठा कळप उरलेला आहे. मोठ्या आवाजाच्या यंत्रनावा त्यांच्यामागे धावल्या तर ते गोंधळतात, आणि नावेच्या फिरत्या पात्याने त्यांना प्राणघातक जखमा होतात. चांगला नावाडी यंत्र बंद करून थांबतो. दहा मिनिटे, कधी अर्धा तासही जातो. मग अगदी अनपेक्षित बाजूला फुस्स असा आवाज होतो, राखी पाठ चमकते आणि पाण्यावर वर्तुळे तेवढी उरतात.

चिलिकेचे पाणी नेहमीच इतके शांत असते असे नाही. बालुगावच्या समोर एका खडकाळ बेटावर कालिजाई देवीचे देऊळ आहे. जाई नावाची एक नववधू पित्याबरोबर नावेतून सासरी निघाली असता वादळ झाले, नाव उलटली. इतर वाचले, जाई मात्र सापडली नाही. तिलाच लोक देवी मानू लागले. नावाडी या बेटावरून जाताना तिला हात जोडल्यावाचून राहत नाहीत, आणि मकरसंक्रांतीला तेथे मोठी यात्रा भरते. उडिया कवी राधानाथ राय यांनी १८९२ साली ‘चिलिका’ हे दीर्घकाव्य लिहिले. उडिया बोलणाऱ्यांच्या घरी त्या काव्यामुळेही हे पाणी ओळखीचे आहे.

चिलिका सोडून ईशान्येकडे, महानदीच्या पलीकडे गेले की भितरकनिकाचे खारफुटीचे अरण्य लागते. ब्राह्मणी व वैतरणी या नद्या येथे समुद्राला मिळतात. या अरण्यात पायवाटा थोड्या, पाणवाटा फार. भरतीचे पाणी दिवसातून दोनदा झाडांच्या बुंध्यांशी येते. चिखलात हवा नसते, म्हणून येथील कित्येक झाडे आपली मुळे खिळ्यांसारखी जमिनीच्या वर काढून श्वास घेतात. कांदळाच्या शेंगेत तर बी झाडावर असतानाच रुजते आणि खाली पडून चिखलात उभे राहते. कोकणातील खाड्यांच्या काठी तिवर आणि कांदळ पाहिलेल्या मुलांना हे ओळखीचे वाटेल. पण येथे सुंदरी वृक्षांचीही दाट राई आहे. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशावर महाभयंकर चक्रीवादळ कोसळले आणि सुमारे दहा हजार माणसे प्राणास मुकली. त्यानंतर केंद्रापाडा जिल्ह्यातील गावांचा अभ्यास झाला, तेव्हा असे आढळले की, ज्या गावांच्या पुढे खारफुटीचा रुंद पट्टा होता तेथे मृत्यू कमी झाले.

पूर्वी ही कनिका संस्थानच्या राजांची शिकारीची जागा होती. खाऱ्या पाण्यातील मगर ही येथली खरी राणी. पूर्ण वाढलेल्या काही मगरी वीस फुटांहूनही लांब भरतात. कातड्यासाठी त्यांची इतकी हत्या झाली की १९७५ च्या सुमारास शंभरही मगरी उरल्या नव्हत्या. त्या वर्षी डांगमाळ येथे एक केंद्र सुरू झाले. रानातील घरट्यांतून अंडी काढून आणावी, ती उबवावी, पिले मोठी होईपर्यंत सांभाळावी आणि मग नदीत सोडावी, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. आज तेथे अठराशेच्या वर मगरी आहेत. हे यश मोठे. पण त्याचा भार कोणावर पडतो हेही सांगितले पाहिजे. नदीकाठच्या गावांतील बाया पाणी भरण्यास, कपडे धुण्यास घाटावर उतरतात आणि मगरीच्या हल्ल्यात माणसे दगावतात. घाटांभोवती पाण्यात मजबूत कुंपणे घालण्यात येत आहेत. मगरीने वाचावे असे दूरच्या शहरातून म्हणणे सोपे. ज्याला रोज त्याच नदीवर जावे लागते, त्याचे म्हणणेही ऐकावयास हवे. मे, जून व जुलै हे मगरीच्या घरट्याचे महिने. त्या काळात हे उद्यान प्रवाशांसाठी बंद असते.

भितरकनिकाच्या पूर्वेस गहिरमाथा नावाचा किनारा आहे, आणि चिलिकेच्या दक्षिणेस ऋषिकुल्या नदीचे मुख. या दोन ठिकाणी हिवाळा सरता सरता ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालण्यास येतात. एक नाही, दोन नाही, अनुकूल वर्षी काही लाख माद्या थोड्याच रात्रींत वाळूवर चढतात. प्रत्येक मादी पायांनी खड्डा खणून शंभरावर अंडी घालते, वाळू ओढून खड्डा बुजविते आणि परत जाते. सुमारे पन्नास दिवसांनी पिले बाहेर येतात आणि समुद्राच्या उजळ बाजूकडे धावतात. किनाऱ्यावर विजेचे दिवे असले तर ती उलट दिशेने जातात, म्हणून त्या दिवसांत दिवे झाकतात किंवा मालवतात. मोठ्या कासवांना खरा धोका मासेमारीच्या यंत्रनावांचा. जाळ्यात अडकलेले कासव श्वासासाठी वर येऊ शकत नाही व गुदमरून मरते. त्यामुळे १ नोव्हेंबरपासून ३१ मेपर्यंत या किनाऱ्यांजवळ वीस किलोमीटरांपर्यंत अशा मासेमारीस बंदी असते. सात महिने नाव काठाला ओढून ठेवणे कोळ्याला जड जाते, हेही खरेच.

हीच कासवे आपल्या कोकणातही येतात, मात्र तेथे ती थोड्या संख्येने, एकएकटी येतात. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावाने २००२ सालापासून त्यांची अंडी राखण्याचे काम चालविले आहे. पूर्व किनाऱ्याची कासवे निराळी आणि पश्चिम किनाऱ्याची निराळी, असे पुष्कळ दिवस मानले जात असे. २०२१ साली गहिरमाथ्याच्या वाळूवर एका मादीच्या पंखाला अभ्यासकांनी क्रमांक कोरलेली धातूची पट्टी लावली होती. २०२५ च्या जानेवारीत तीच मादी रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना आढळली. पट्टीवरच्या आकड्यांवरून तिची ओळख पटली. बंगालच्या उपसागरातून दक्षिणेस उतरून, पुन्हा अरबी समुद्रात वर चढून ती सुमारे साडेतीन हजार किलोमीटर पोहत आली असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.